उन्हाळा, पत्र्याचे घर आणि लेकरांचा संगणक

एप्रिल लागला की धाराशिव जिल्ह्यातील आपल्या वस्त्यांमधून एकच गाऱ्हाणे ऐकू येते, "दुपारी कॉम्प्युटर बंद पडायलंय." कळंबला ऐका, उमरग्याला ऐका, परंड्याला ऐका, शब्द तेच. सकाळी आठला लावलेले यंत्र अकरापर्यंत गुमान चालते, मग रखडत चालू लागते, आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो आणि दोन-अडीचच्या सुमारास पडदा एकदम काळा होतो. दुरुस्तीवाल्याकडे न्यावे तर तो संध्याकाळच्या गारव्यात चालू करून दाखवतो. घरी आणून दुसऱ्या दिवशी दुपारी लावावे तर पुन्हा तोच प्रकार. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, जुनी वस्तू घेतली, फसलो. शेजारी म्हणतो, व्हायरस आला. या उन्हाळी दुखण्याची चौकशी करीत आम्ही बऱ्याच घरांच्या उंबऱ्यावर बसलो. आमचे मत असे झाले की, बहुतेक ठिकाणी वस्तूही खोटी नाही आणि व्हायरसही नाही. घर तापले आहे आणि घराबरोबर यंत्र तापले आहे.

हा विषय कुटुंबाच्या पानावर कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, आपल्या घरात संगणक हौसेने येत नाही. आईने बचत गटातून कर्ज काढलेले असते, बापाने ऊसतोडीच्या उचलीतून किंवा गवंडीकामाच्या मजुरीतून पैसे बाजूला ठेवलेले असतात, नाहीतर पुण्याला कामाला गेलेल्या थोरल्या भावाने तेथून जुना संच पाठवलेला असतो. त्याच एका यंत्रावर धाकटीचा टायपिंगचा सराव होतो, मधल्याची स्पर्धा परीक्षेची तयारी होते आणि साऱ्या वस्तीचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात. काही घरांत तर अर्ज भरून देणे हाच पोटाचा धंदा झाला आहे. आता पाहा, बारावीचे निकाल मे महिन्यात, प्रवेशाची धावपळ मे-जूनमध्ये आणि यंत्र मूर्च्छा येऊन पडते तेही नेमके त्याच दिवसांत. ज्याच्या खोलीत वातानुकूलन आहे त्याचा अर्ज दुपारी दोन वाजता जातो. पत्र्याखालच्या मुलीचा अर्ज रात्री अकरापर्यंत थांबतो, आणि रात्री अकराला वीज असेलच याची हमी कोण देणार? उन्हाची झळ सर्वांना सारखी लागते असे म्हणणे फसवे आहे. ती छप्पर पाहून लागते.

तथागतांनी आपल्याला शिकवले ते हेच की, दुःख आहे तर त्याला कारण आहे, आणि कारण सापडले तर उपाय आहे. म्हणून आधी कारण पाहू.

यंत्राच्या पोटातली आग

संगणक जेवढी वीज खातो, तेवढ्या जवळजवळ सगळ्या विजेची शेवटी उष्णता होते. विजेच्या शेगडीत आणि संगणकात या बाबतीत फरक नाही, फक्त शेगडी मोठी आणि हा लहान. साधा लॅपटॉप ३० ते ६० वॉट खातो, टेबलावरचा संच पडद्यासह १०० ते २०० वॉट. आपण स्वस्थ बसलो असताना आपल्या अंगातून सुमारे १०० वॉट इतकी उष्णता बाहेर पडत असते. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत संगणक लावणे म्हणजे आणखी एक-दोन माणसे दाटीवाटीने बसवणे होय.

ही उष्णता जन्मते ती मुख्यतः एका नखाएवढ्या चिपेत. (ज्या डब्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो, तो नुसता डबा, खरा सीपीयू म्हणजे त्याच्या आतली ही चिप.) तिच्यावर अॅल्युमिनियमचा किंवा तांब्याचा पातळ पाकळ्यांचा ठोकळा बसवलेला असतो आणि त्यावर पंखा. ठोकळा चिपेची उष्णता ओढून घेतो, पंखा ती वाऱ्यावर सोडतो. चिपेचा पारा ९५-१०० अंशांकडे गेला की ती स्वतःच आपला वेग कमी करते, तेच ते रखडणे. तरीही तापतच राहिली तर जळून जाण्यापूर्वी ती स्वतःला बंद करते. दुपारी काळा होणारा पडदा हा बिघाड नसून बहुधा यंत्राने स्वतःचा जीव वाचवण्यासाठी केलेली धडपड असते.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात धरली पाहिजे. पंखा गारवा निर्माण करीत नाही. तो फक्त हवा हलवतो. खोलीची हवा ४२ अंशांची असेल तर जगातला कोणताही पंखा चिपेला ४२ च्या खाली आणू शकत नाही. संगणक बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या आपल्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहून ठेवतात की, हे यंत्र ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत वापरावे. आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचाच पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात तापलेला गंजका पत्रा साठ अंशांच्याही पुढे जातो आणि वरून निखाऱ्यासारखा खोलीत ऊन ओततो. ज्यांनी ती पुस्तिका लिहिली त्यांच्या डोळ्यांसमोर आपले घर नव्हते, एवढे खरे.

आणि नुकसान केवळ बंद पडण्याचे नाही. आतील वीज साठवणाऱ्या कपॅसिटर नावाच्या नळकांड्यांबाबत तंत्रज्ञांचा एक ठोकताळा आहे: दहा अंश पारा वाढला की त्यांचे आयुष्य निम्मे. लॅपटॉपची आणि मोबाइलची बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते, कधी फुगतेही. फुगलेली बॅटरी दिसली तर तिला दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला तर मुळीच लावू नये. कर्जाचे हप्ते फिटण्याआधी यंत्र मरते ते असे.

गार घरे गेली, गरम घरे आली

आपल्या भागातील जुनी घरे अशी तापत नव्हती. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती आणि वर लाकडी माळवदावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दिवसभराचे ऊन त्या मातीतून आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होत असे. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात भूकंप झाला आणि नेमकी तीच जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यानंतर जाड माळवदाखाली झोपण्याची भीती लोकांच्या मनात बसली, ती योग्यच होती. ज्यांना जमले त्यांनी स्लॅब टाकला, ज्यांना जमले नाही त्यांनी पत्रे टाकले. आपल्या बहुतेकांच्या वाट्याला पत्रे आले. पत्रा अंगावर पडला तर माणूस सहसा मरत नाही, पण त्याच्याखाली रोज थोडे थोडे भाजून निघतो. जुन्या माळवदाकडे परत जा, असे आम्ही सांगणार नाही. मात्र त्या मातीचे गारव्याचे गुपित पत्र्याच्या घरात कसे आणता येईल, हे पाहिले पाहिजे.

ते गुपित काही फार गूढ नाही. आपल्याच जिल्ह्यात तेर आहे, प्राचीन तगर नगरी. तेथील जुन्या विटा पाण्यावर तरंगतात, हे अनेकांनी पाहिले आहे. त्या विटेच्या पोटात असंख्य बारीक छिद्रे आहेत आणि छिद्रांत हवा कोंडलेली आहे. कोंडलेली हवा उष्णतेला सहजासहजी पलीकडे जाऊ देत नाही. आईने पत्र्याखाली जुन्या साड्या शिवून छत ताणले तर तिनेही नकळत तेच केलेले असते. पत्रा आणि साडी यांच्यामध्ये हातभर हवा अडते आणि पत्र्याची थेट झळ खाली बसलेल्याच्या डोक्यावर येत नाही. साडीऐवजी दुहेरी गोणपाट असेल तर आणखी बरे. फक्त विजेच्या तारा त्या कापडाला टेकू देऊ नयेत, आणि पत्र्यावर वाळका कडबा किंवा पाचट पसरण्याचा जो उपाय काही जण करतात, तो आगीच्या भीतीने आम्हास पसंत नाही.

दुसरा आणि सर्वांत मोठा उपाय छपरावर आहे. पांढरा रंग ऊन परतवतो, काळपट गंजका पत्रा ते पितो. स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारले की खालच्या खोलीतला फरक तळव्यालाही कळतो. जस्ताच्या नव्या पत्र्याला मात्र ओला चुना खातो, म्हणून तेथे बाजारात मिळणारा पांढरा रंग लावावा. यात नवे काही नाही. २०१० च्या भयंकर उष्ण लाटेनंतर अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला, आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे कामही त्या शहरात झाले. आपल्याकडे पालिकेची किंवा ग्रामपंचायतीची वाट पाहत बसण्याइतका हा खर्च मोठा नाही, आणि तरीही ग्रामसभेत हा प्रश्न विचारायला हरकत नाही. २०१८ पासून आपला जिल्हा केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. आकांक्षा असलेल्या जिल्ह्यातील वस्तीला दोन बादल्या पांढरा रंग मागण्याचा हक्क असावा, असे आम्हास वाटते.

तुम्ही म्हणाल, संगणकाचे विचारले आणि आम्ही घराचे सांगत बसलो. पण आमचा सारा मुद्दाच तो आहे. यंत्राला गार करायचे तर आधी ज्या खोलीत आई स्वयंपाक करते, म्हातारा आजोबा पडून असतो आणि लेकरू अभ्यास करते, ती खोली गार झाली पाहिजे.

घरोघरीच्या युक्त्या

आता त्या युक्त्यांकडे येऊ. लोकांनी काय काय केले आहे! काही युक्त्या पाहून आम्ही थक्क झालो, काही पाहून पोटात गोळा आला. बुद्धांनी कालामांना सांगितले होते की, केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखा. संगणकाच्या बाबतीतही तोच नियम लावावा.

एका घरात लॅपटॉपखाली उपडी परात ठेवलेली होती. अॅल्युमिनियमची परात. युक्ती चांगली आहे. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवर ठेवला की त्याच्या पोटाखालची हवेची छिद्रे बुजतात आणि तो गुदमरतो. परात टणक असते आणि अॅल्युमिनियम उष्णता झटकन पसरवते. याहून सोपे म्हणजे लॅपटॉपच्या चार कोपऱ्यांखाली बाटलीची चार झाकणे ठेवावीत. बोटभर फट पडली की हवा खेळते. पैसा लागत नाही आणि अपाय काही नाही.

डब्याच्या बाजूचे झाकण काढून समोर टेबलफॅन लावणे ही दुसरी आवडती युक्ती. दुपारच्या चार तासांसाठी ठीक आहे. पण झाकण कायमचे उघडे ठेवले तर काळ्या रानाची धूळ, चुलीचा धूर आणि झुरळे यांना तुम्ही आवतणच दिले. शिवाय लहान मूल घरात असेल तर फिरत्या पंख्यात बोट जाण्याची आणि विजेचा धक्का बसण्याची भीती राहते. तेव्हा झाकण लावूनच ठेवावे, आणि डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा. भिंतीला घट्ट चिकटवलेला डबा म्हणजे तोंडावर हात धरलेला माणूस.

आता एक गोष्ट माता-भगिनींना जरा लागेल, पण सांगितली पाहिजे. संगणकावर क्रोशाचे विणलेले झाकण घालण्याची जी सुंदर पद्धत आहे, ती यंत्र बंद असतानाच पाळावी. चालू यंत्रावरचे ते झाकण म्हणजे मे महिन्यात लेकराला घातलेला स्वेटर. तसेच दर्शनी खोलीत, दारासमोर, टीव्हीच्या शेजारी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा संगणक मांडण्याची हौस आपण सोडली पाहिजे. तो घरातील सर्वांत गार कोपऱ्यात हवा, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीकडे, पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीपासून दूर. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते पुस्तकांचा विचार आधी करून. आपले घर एका खोलीचे असले तरी तिच्यातला चांगला कोपरा कोणाला द्यायचा, हे ठरवणे आपल्याच हातात आहे.

चिप आणि वरचा ठोकळा यांच्यामध्ये एक राखाडी मलम असते. दोन धातूंमधल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी ते भरून काढते, म्हणजे उष्णता पलीकडे जाते. काही वर्षांनी ते वाळून भाकरीच्या कोरड्या पिठासारखे होते. मलम मिळाले नाही म्हणून कोणी तेथे टूथपेस्ट लावतो. हसू नका, काही दिवस ती खरोखर काम करते! पण वाळली की पहिल्यापेक्षा वाईट अवस्था होते. खऱ्या मलमाची लहान पुडी किंवा सिरिंज संगणक दुरुस्तीच्या दुकानात फार महाग नसते. ज्वारीच्या दोन-तीन दाण्यांएवढे पुरते. जास्त लावले तर जास्त गार होत नाही, उलट जाड थर उष्णता अडवतो.

बर्फाची पिशवी किंवा गार पाण्याचा तांब्या यंत्राला टेकवणे ही मात्र धोक्याची गोष्ट. गार तांब्याला बाहेरून घाम सुटतो तो आपण रोज पाहतो. ते तांब्यातले पाणी नव्हे, हवेतला ओलावा गार धातूवर जमतो. तोच घाम संगणकाच्या पोटात सुटला तर एका थेंबाने सारे संपते. संगणक फ्रिजमध्ये ठेवून चालवण्याचा विचारही काही तरुण डोक्यांत येतो. फ्रिज एकदा ठेवलेले गरम दूध गार करण्यासाठी असतो. आत बसून अखंड शंभर वॉटची आग ओकणारी वस्तू त्याला पेलत नाही, त्याचा कंप्रेसर रात्रंदिवस धावून शेवटी दमतो, आणि दार उघडले की घाम आहेच.

तेलात बुडवलेले संगणकही जगात आहेत. ऐकायला विचित्र वाटते, पण शुद्ध खनिज तेलातून वीज वाहत नाही आणि तेल हवेपेक्षा कितीतरी चांगली उष्णता वाहून नेते. आपल्या डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हेच तत्त्व असते. घरी मात्र हे करू नये. खाण्याचे तेल काही दिवसांत खवट आणि चिकट होते, फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कमध्ये तेल शिरले की ती कायमची जाते, आणि एकदा तेलात घातलेला संगणक पुन्हा दुकानात कोणी हातात घेत नाही.

या सर्व युक्त्यांच्या वर आम्ही एका कामाला पहिला मान देऊ, आणि ते म्हणजे धूळ काढणे. ठोकळ्याच्या पाकळ्यांत धुळीची गोधडी बसली की पंखा कितीही फिरला तरी वारा धातूला लागत नाही. एका दुरुस्तीवाल्या भावाने आमच्यासमोर एका मावशींना डबा उघडून दाखवला आणि म्हणाला, "मावशी, बिघाड काई नाई. हे बघा, उशी भरंल एवढा कापूस निघालाय." यंत्र बंद करावे, वायर बोर्डातून काढावी, मऊ कोरड्या ब्रशने धूळ मोकळी करावी आणि रबरी फुग्याच्या पिचकारीने हवा मारून ती उडवावी. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते गरगर फिरून बिघडते. फडके ओले नको. तोंडाने फुंकर नको, तिच्यात थुंकीचा अंश असतो. उन्हाळा लागण्यापूर्वी एकदा आणि दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास एकदा, वर्षातून दोनदा एवढे केले तर निम्मे दुखणे जाते.

पाण्याचा हिशेब

वाळ्याचा पडदा भिजवणे, खिडकीत ओले गोणपाट टांगणे, कूलर लावणे, या सर्वांमागे माठाचेच तत्त्व आहे. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेते. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे येथे हा उपाय कोकणापेक्षा फार चांगला चालतो. एक लिटर पाण्याची वाफ झाली की जवळजवळ पाऊण युनिट विजेइतकी उष्णता जाते. म्हणजे १५० वॉटच्या संचाने साडेचार तासांत ओकलेली सारी उष्णता एक लिटर पाणी पोटात घेऊ शकते. कूलरचे तोंड मात्र यंत्राकडे कधीही करू नये. तुषार आणि खारट पाण्याचे पांढरे कण आत जाऊन बसतात. कूलर दूर ठेवावा, समोरची खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे दमट हवा बाहेर जाईल. आणि मृगाचा पाऊस पडून हवा ओली झाली की कूलरचा उपयोग संपतो, मग नुसता पंखा बरा.

पण पाणी कोणाचे? घरगुती कूलर दिवसाला दोन-तीन घागरी सहज पितो. ज्या गावात टँकर येतो तेथे त्या घागरी कोणाच्या डोक्यावरून येतात, हे आपण सर्व जाणतो. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर ज्या समाजाने पाण्याची ओंजळ उचलून आपले माणूसपण जगाला दाखवले, त्या समाजाच्या घरात यंत्राच्या गारव्यासाठी मुलीने आणखी दोन खेपा घालाव्यात, हे आम्हास पटत नाही. पाणी मुबलक असेल तेथे कूलर खुशाल लावा. नसेल तेथे धुण्याभांड्याच्या वापरलेल्या पाण्यात गोणपाट बुडवून खिडकीत टांगा. आणि ज्याला लॅपटॉप हवा आहे तो मुलगा खेप घालू शकतो, त्याचेही खांदे मजबूत आहेत.

पाणी यंत्राजवळ आणावे पण यंत्राला शिवू देऊ नये, ही कला मोठमोठ्या संस्थांनाही शिकावी लागली. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा भारताचा पहिला महासंगणक तयार केला. पुढे २०१९ मध्ये पुण्याच्याच आयसर संस्थेत परम ब्रह्म हा महासंगणक बसला. त्याच्या तप्त चिपांवर धातूच्या बंद पट्ट्या टेकवलेल्या आहेत आणि त्यांच्या पोटातून पाणी खेळवून उष्णता वाहून नेली जाते. पाणी चिपेच्या अगदी जवळून जाते, पण चिप कोरडी राहते. हे वाचताना आम्हास आपल्या नळदुर्गची आठवण झाली. बोरी नदीवर आदिलशाहीच्या काळात, १६१३ च्या सुमारास, किल्ल्याचा जो बंधारा बांधला, त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात डोक्यावरून नदी कोसळत असते आणि आतल्या दालनात माणूस कोरड्या कपड्यांनी उभा असतो. आपल्या मुलांना नळदुर्गला सहलीला नेऊ तेव्हा शेवाळलेल्या पायऱ्यांबरोबर हेही दाखवता येईल.

परदेशात याहून अजब प्रयोग झाले. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१८ मध्ये स्कॉटलंडजवळ ऑर्कनी बेटांच्या समुद्रात ८६४ संगणक एका बंद नळकांड्यात घालून तळाशी सोडले. समुद्राच्या थंड पाण्याने ते गार राहिले. २०२० मध्ये वर काढले तेव्हा जमिनीवरच्या संगणकांपेक्षा त्यांत बिघाडाचे प्रमाण एक-अष्टमांश भरले. नळकांड्यात हवेऐवजी कोरडा नायट्रोजन वायू भरलेला होता आणि आत कोणाचा हात लागत नव्हता, हेही त्याचे कारण सांगितले गेले. म्हणजे तेथेही गोष्ट तीच: धूळ नको, ओल नको.

विहारातील एक खोली

ज्या घरात छत शिवूनही दुपार सोसवत नाही, त्या घरातील मुलांनी कामाची वेळ बदलावी हा एक मार्ग. पहाटे चार ते आठ या वेळात हवा, यंत्र आणि डोके तिन्ही गार असतात. पण परीक्षा दुपारीच असेल किंवा अर्जाची मुदत संध्याकाळी पाचला संपत असेल तर पहाट काय कामाची?

म्हणून आमची एक सूचना आहे. आपल्या अनेक गावांत बुद्ध विहाराला स्लॅब आहे, भिंती पक्क्या आहेत, आणि वंदनेची वेळ सोडली तर दुपारी विहार बहुधा रिकामा असतो. काही ठिकाणी अभ्यासिका सुरू आहेतच. तेथे एक टेबल, विजेची सुरक्षित जोडणी आणि एक पंखा एवढे केले तर ज्यांची घरे तापतात ती मुले आपापले लॅपटॉप घेऊन दुपारी तेथे बसू शकतील. ज्यांच्याकडे यंत्रच नाही त्यांच्यासाठी दोन जुने संच मंडळाने घ्यावेत. दूरच्या लेण्यांची गोष्ट नको, आपल्याच धाराशिवजवळ बालाघाटाच्या डोंगरात खोदलेली लेणी आहेत. त्यांतील काही मूळची बौद्ध असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. मे महिन्याच्या भर दुपारी तेथे जाऊन पाहावे, बाहेर फुफाटा आणि आत दगडाचा गारवा. भिक्खू संघाने अध्ययनासाठी अशी जागा निवडली होती.

१४ एप्रिलच्या आधी विहाराची रंगरंगोटी होतेच. यंदा वर्गणीच्या हिशेबात चुन्याच्या दोन पिशव्या जास्तीच्या धराव्यात आणि तरुण मंडळाने जयंतीच्या आठवडाभर आधी, सकाळी ऊन चढण्यापूर्वी, विहाराच्या स्लॅबवर त्यांचे दोन हात मारून घ्यावेत. स्लॅब आधी झाडून घ्यावा, पाण्याने ओला करावा, पहिला हात वाळल्यावर दुसरा द्यावा आणि चुना डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी. उरलेला चुना शेजारच्या ज्या घरात म्हातारे माणूस आणि परीक्षेला बसलेले लेकरू असेल, त्याच्या स्लॅबवर जावा.